बटाट्याला रासायनिक खत देताना: कंदाचा हिशेब आणि मातीचा हिशेब

बटाटा खादाड आहे, पण त्याचा हात आखूड आहे. त्याची बहुतेक मुळं वरच्या ३० सेंटिमीटर मातीतच पसरतात आणि तेवढ्याच थरातून तीन-चार महिन्यांत त्याला सगळं उचलायचं असतं. त्यामुळे रासायनिक खत दिलं की हे पीक चटकन प्रतिसाद देतं. नवशिक्याची गफलतही इथेच होते. पाला गर्द हिरवा आणि गुडघ्याच्या वर गेला की खत लागू पडलं असं वाटतं. पण आपल्याला पाला काढायचा नसतो, कंद काढायचे असतात, आणि या दोघांचं नेहमी जमतंच असं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून उशिरा कळते. कंदावरचा परिणाम त्याच हंगामात तराजूवर दिसतो. मातीत झालेला बदल दिसायला काही वर्षं लागतात. तेव्हा खालची प्रत्येक पायरी दोन्ही बाजूंनी वाचा: यातून कंद किती पोसेल, आणि माती कुठे सरकेल.

पहिली पायरी: पोतं उघडण्याआधी मातीचा नमुना

लागवडीच्या महिना-दीड महिना आधी नमुना घ्या. शेतात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची वरपासून २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतची माती सारख्या जाडीने खरवडून घ्यायची. सगळी माती एकत्र करून ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेली पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. बांधालगतची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची किंवा नुकतंच खत पडलेली जागा टाळा. नमुना सावलीत वाळवा. जमीन दोन रंगांची किंवा दोन उतारांची असेल तर दोन वेगळे नमुने पाठवा. सरासरी काढून दोन्हीकडचं खरं चित्र हरवतं.

अहवाल आला की आधी सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप) पाहा. ही मोजपट्टी दहाच्या पटीत चालते: सामू ६ वरून ५ वर आला म्हणजे मातीच्या द्रावणातली आम्लता दहापट झाली. बटाट्याला साधारण ५.२ ते ६.५ हा पट्टा मानवतो. मग विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता मीटरमागे १.७ डेसिसीमेन्सच्या वर गेली की बटाट्याचं उत्पादन घटायला लागतं. क्षारांच्या बाबतीत हे नाजूक पीक आहे. काही प्रयोगशाळा संपृक्त अर्काऐवजी माती आणि पाण्याच्या पातळ मिश्रणात वाहकता मोजतात आणि तिथे आकडा बराच कमी येतो, म्हणून पद्धत विचारून घ्या.

स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) आकड्यालाही तेच लागू. उदासीन आणि अल्कधर्मी मातीसाठी सहसा ऑल्सनची पद्धत वापरतात, आम्ल मातीसाठी ब्रेची. एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या तक्त्यात बसवला तर अख्खा सल्ला चुकतो, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

दुसरी पायरी: पीक काय घेऊन जाणार ते मोजा

एक टन कंद शेताबाहेर गेले की त्यांच्याबरोबर ढोबळमानाने ३ ते ४ किलो नत्र (नायट्रोजन), १ ते दीड किलो स्फुरद आणि ५ ते ६ किलो पालाश (पोटॅश) जातं (स्फुरद आणि पालाश इथे ऑक्साइडच्या रूपात मोजले आहेत, पोत्यावर असतात तसे). हेक्टरी २५ टन उत्पादनाची आशा असेल तर नुसत्या कंदांतून ७५ ते १०० किलो नत्र आणि सव्वाशे ते दीडशे किलो पालाश गेलं. म्हणजे पालाश हे बटाट्याचं सगळ्यात मोठं खाणं, नत्र दुसरं. पाला शेतातच गाडला तर त्यातलं अन्न मातीत परत येतं. पाला उचलून नेलात तर तोही हिशेबात धरा.

द्यायची मात्रा मात्र या आकड्याइतकीच असते असं नाही. मातीत पालाश भरपूर असेल तर एखाद्या हंगामात कमी देऊन चालतं. मातीत स्फुरद कमी असेल तर पीक नेणार त्याच्या दुप्पट-तिप्पट द्यावं लागतं, कारण दिलेल्या स्फुरदातला मोठा भाग माती धरून ठेवते. सेंद्रिय कर्ब चांगला असेल किंवा आधीचं पीक शेंगवर्गीय असेल तर नत्र थोडं कमी करता येतं. शेणखत, कंपोस्ट यांतून येणारं नत्र आणि पालाशही वजा करा. ते ‘वरचं’ समजून सोडून देणं ही नत्र जास्त पडण्याची नेहमीची वाट आहे.

तिसरी पायरी: पोत्यावरचे आकडे वाचायला शिका

पोत्यावर १८:४६:० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा नत्राची टक्केवारी. दुसरा आणि तिसरा स्फुरद-पालाशाच्या ऑक्साइडची. मूलद्रव्य स्फुरद हवं असेल तर दुसऱ्या आकड्याला २.२९ ने भागा, मूलद्रव्य पालाशासाठी तिसऱ्याला १.२ ने. प्रयोगशाळेचा अहवाल एका रूपात आणि पोतं दुसऱ्या रूपात असेल तर स्फुरदाची मात्रा सरळ दुप्पट किंवा निम्मी होते.

समजा सल्ला हेक्टरी १२० किलो नत्र, ८० किलो स्फुरद, १२० किलो पालाश असा आहे. (हा हिशेबापुरता आकडा आहे, तुमची मात्रा तुमची माती ठरवेल.) स्फुरदापासून सुरुवात करा. डीएपीत (डायअमोनियम फॉस्फेट, वरचं १८:४६:० चं पोतं) ४६ टक्के स्फुरद, म्हणजे ८० भागिले ०.४६, सुमारे १७४ किलो डीएपी. त्यातून ३१ किलो नत्रही आलं. उरलं ८९ किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे १९३ किलो युरिया. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, म्हणजे २०० किलो. शंभर चौरस मीटरचा तुकडा असेल तर प्रत्येक आकड्याला शंभराने भागा: पावणेदोन किलोच्या आसपास डीएपी, दोन किलोला थोडा कमी युरिया, दोन किलो म्युरेट.

डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घेतलंत तर ५०० किलो लागेल. वाहतूक जास्त, पण त्यातून सुमारे ५५ किलो गंधक आणि बरंचसं कॅल्शियम येतं, जे डीएपीत नाही. जमिनीत गंधक कमी असेल तर मी डोळे मिटून सुपर फॉस्फेट घेईन.

चौथी पायरी: नत्र कधी द्यायचं

सगळ्यात जास्त फायदा आणि सगळ्यात जास्त नुकसान, दोन्ही नत्राने होतं. उगवणीनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत जमिनीखालच्या फांद्यांची टोकं फुगायला लागतात. यालाच कंद धरणं म्हणतात. त्या सुमाराला झाडाभोवती नत्राचा पूर असेल तर झाड पाल्याच्या वाढीतच रमतं, कंद उशिरा धरतात आणि पीक उशिरा पक्व होतं. हंगाम लांब असेल तर ते उशीर भरून काढतं. हंगाम आखूड असेल तर पाला हिरवागार असतानाच काढणी करावी लागते. अशा कंदांची साल कोवळी राहते, हाताळताना सोलवटते, आणि साठवणीत सड लवकर शिरते. शुष्क पदार्थही कमी भरतो, म्हणजे बटाटा पाणचट.

उलट नत्र फारच कमी पडलं तर खालची पानं लवकर पिवळी पडतात, पाल्याचं छत्र मिटतं आणि कंद पोसायच्या आतच कारखाना बंद होतो. उत्पादन आणि नत्र यांचा आलेख सरळ रेषेत कधीच चढत नाही. पहिल्या काही किलोंना कंद भरभरून उत्तर देतात, पुढे प्रत्येक किलोमागची वाढ घटत जाते, मग आलेख सपाट होतो आणि शेवटी खालीही वळतो. सपाट झालेल्या भागात टाकलेलं नत्र कंदात जात नाही. ते कुठे जातं ते पुढच्या पायरीत येईल.

साधा नियम असा: अर्धं ते दोन-तृतीयांश नत्र लागवडीला, उरलेलं भर लावताना, म्हणजे झाडांच्या बुंध्याशी माती चढवताना. हलक्या, वाळूसर जमिनीत तीन हप्ते करा, कारण तिथे एका मोठ्या पाण्याने नायट्रेट मुळांच्या खाली निघून जातं. कंद पोसायचा काळ निम्मा उलटला की नत्र बंद. पाला थोडा फिका दिसला तरी हात आवरा. त्या वयात पाल्यातलं नत्र कंदाकडे वळणं हे ठीकच आहे.

युरिया वरंब्यावर उघडा टाकून ठेवू नका. मातीतलं युरिएज विकर त्याचं विघटन करतं, दाण्याभोवती सामू काही काळ झपाट्याने चढतो आणि नत्राचा काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. माती उबदार, ओलसर आणि आधीच अल्कधर्मी असेल तर नुकसान मोठं. भर लावण्याच्या वेळीच हप्ता द्यायचा तो म्हणूनच: युरिया आपोआप मातीआड जातो.

पाचवी पायरी: सामू कुठे सरकतोय ते ओळखा

हा भाग जरा सावकाश वाचा, इथे थोडं रसायन आहे.

अमोनियमच्या रूपातलं नत्र मातीतले जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात. या बदलात नत्राच्या प्रत्येक अणूमागे दोन हायड्रोजन आयन सुटतात, आणि हायड्रोजन आयन म्हणजेच आम्लता. युरियाचं अमोनियम होताना एक हायड्रोजन आयन खर्च होतो, म्हणून युरियाची निव्वळ आम्लता एका नत्रामागे एक. अमोनियम सल्फेटमध्ये असा खर्च होत नाही, तिथे पूर्ण दोन. म्हणजे तेवढंच नत्र अमोनियम सल्फेटमधून दिलं तर सुरुवातीची आम्लता युरियाच्या दुप्पट. कॅल्शियम नायट्रेटसारखं खत आधीच नायट्रेट असल्याने आम्लता वाढवत नाही, किंचित उतरवतं.

आता गंमत पाहा. झाडाचं मूळ नायट्रेट उचलतं तेव्हा बदल्यात एक हायड्रोजन आयन निकामी करतं. युरियातून आलेलं सगळं नायट्रेट झाडाने खाल्लं तर हिशेब जवळपास शून्यावर येतो. नायट्रेट पाण्याबरोबर खाली वाहून गेलं तर मात्र आम्लता मातीतच उरते. वर नायट्रेट एकटं जात नाही: ते ऋणभारित असतं, म्हणून जाताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत ओढून नेतं. चौथ्या पायरीत सपाट आलेखावर टाकलेलं जादा नत्र म्हणजे हेच. ते उत्पादन वाढवत नाही, माती आम्ल करतं आणि भूजलात नायट्रेट सोडतं. त्यामुळे मी खताच्या प्रकाराआधी त्याची मात्रा आणि पाणी बघतो.

हे किती दूर जाऊ शकतं? इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला १८५६ पासून चालू असलेला पार्क ग्रास हा कुरणावरचा प्रयोग आहे. तिथल्या ज्या तुकड्यांना वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट मिळालं आणि चुना मिळाला नाही, तिथला सामू चारच्या खाली गेला. बटाट्याचं शेत कोणी दीडशे वर्षं असं ठेवत नाही, पण दिशा तीच असते. वेग जमिनीवर अवलंबून. वाळूसर, कर्ब कमी असलेली जमीन झटकन आम्ल होते. भारी चिकणमाती तग धरते. मुक्त चुनखडी असलेल्या जमिनीत आम्लता चुनखडीच खाऊन टाकते, सामू हलतच नाही. तिथे अमोनियम सल्फेटला घाबरायचं कारण नाही, उलट गंधक मिळतं.

सामू साधारण ५.५ च्या खाली जायला लागला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळू लागतं. मुळांची टोकं जाड आणि खुंटलेली दिसतात, स्फुरद अडकतं. बटाटा बऱ्याच पिकांपेक्षा हे जास्त सोसतो. म्हणून बटाट्याकडे पाहून जमीन ठीक आहे असं समजू नका. फेरपालटात येणारं पुढचं पीक आधी कोलमडेल.

मग चुना टाकायचा का? इथेच पेच आहे. स्कॅब हा सालीवर खपल्या धरणारा रोग ज्या जिवाणूंमुळे होतो, त्यांना सामू साधारण ५.२ च्या खाली मानवत नाही आणि त्यावर ते माजतात. बटाट्याच्या तोंडावर चुना टाकलात तर खपल्यांना आमंत्रण. चुना टाकायचा असेल तर बटाटा निघाल्यावर, पुढच्या पिकाच्या आधी टाका आणि थोडा थोडा टाका. मात्रा नुसत्या सामूवरून ठरवू नका, प्रयोगशाळेकडून चुन्याची गरज काढून घ्या. एकाच सामूला भारी जमिनीत हलक्या जमिनीपेक्षा कितीतरी जास्त चुना लागतो.

आणि जिप्सम म्हणजे चुना नव्हे. जिप्सम कॅल्शियम आणि गंधक देतं, सामू चढवत नाही.

सहावी पायरी: स्फुरद बेण्याच्या शेजारी

स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकतं. आम्ल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला पकडतात, अल्कधर्मी मातीत कॅल्शियम. शेतभर फेकलेलं स्फुरद बटाट्याच्या विरळ मुळांना सापडत नाही. ते लागवडीलाच, सरीत, बेण्याच्या बाजूला सुमारे ५ सेंटिमीटर आणि तेवढंच खाली पट्टीत द्या. नंतर वरून देण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या मुळांची वाढ आणि किती कंद धरणार हे बऱ्याच अंशी याच स्फुरदावर ठरतं.

बेण्याला खत चिकटू देऊ नका. क्षारांनी आणि डीएपी-युरियातून सुटणाऱ्या अमोनियाने कोंब जळतात आणि सरीत तुटाळ पडते.

पहिल्या हंगामात दिलेल्या स्फुरदाचा थोडाच भाग पीक उचलतं, बाकीचं साठतं. म्हणून दरवर्षी तीच मात्रा देत गेलात तर काही वर्षांत अहवालात स्फुरद ‘भरपूर’ दिसेल. तेव्हा मात्रा पीक नेतं तेवढ्यावर आणा. जादा स्फुरदाने जस्ताची उपलब्धता घटते, आणि धूप होऊन ही माती पाणवठ्यात गेली तर तिथे शेवाळ माजतं. स्फुरदाच्या खडकात कॅडमियमही कमी-अधिक असतं आणि ते खतातून मातीत येतं.

सातवी पायरी: पालाश, त्याच्या जोडीचं क्लोराइड, आणि कॅल्शियम

पानात तयार झालेली साखर कंदापर्यंत पोचवणं, तिथे स्टार्च साठवणं, पेशींतलं पाणी राखणं, यांत पालाश लागतं. कमी पडलं तर जुन्या पानांच्या कडा करपतात, आणि काढणीत आपटलेल्या कंदांत आतून काळे डाग पडतात.

म्युरेट की सल्फेट ऑफ पोटॅश? उत्पादनात फरक बऱ्याचदा थोडा असतो. म्युरेटमधल्या क्लोराइडने कंद जास्त पाणी धरतो आणि शुष्क पदार्थ कमी होतो. तळणीच्या बटाट्याला हे चालत नाही. खत मातीत किती खारटपणा आणतं याच्या, सोडियम नायट्रेटला १०० धरून केलेल्या क्षारमापात म्युरेट ११६ च्या आसपास येतं, सल्फेट ४६ च्या. जमीन आधीच क्षारयुक्त असेल तर सल्फेटच घ्या. आणखी एक बारकावा: मातीत क्लोराइड जास्त असेल तर ते कॅडमियमला विरघळतं ठेवतं आणि बटाटा ते जास्त उचलतो. निचऱ्याची जमीन आणि पुरेसा पाऊस असेल तर म्युरेट लागवडीच्या बरंच आधी देता येतं. क्लोराइड धुऊन जातं, पालाश मातीच्या कणांवर टिकतं. अगदी वाळूसर जमिनीत मात्र पालाशही हप्त्यांनीच द्या.

पालाश अति झालं तर मॅग्नेशियमची वाट अडते. जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला की आणखी पालाश देऊ नका.

कॅल्शियमचं वागणं वेगळंच आहे. ते झाडात पाण्याच्या ओढीबरोबर वर, पानांकडे जातं. कंद मातीत असतो, त्यातून बाष्प फारसं उडत नाही, म्हणून मुख्य मुळांनी उचललेलं कॅल्शियम त्याच्यापर्यंत फारसं पोचत नाही. कंद ते मिळवतो त्याच्या स्वतःच्या आणि त्याला धरून असलेल्या जमिनीखालच्या फांदीच्या बारीक मुळांतून. म्हणून जिप्सम किंवा कॅल्शियम नायट्रेट द्यायचं ते वरंब्यात, कंद धरतात त्या थरात. पानांवर फवारून कंदातले आतले तपकिरी डाग कमी होतील अशी आशा ठेवू नका.

आठवी पायरी: एक पट्टा कोरा ठेवा

शेतात दोन-तीन सरींचा एक पट्टा नत्र न देता ठेवा, आणि जमलं तर दुसरा नेहमीच्या मात्रेच्या पाऊणपट मात्रेवर. बाकी सगळं सारखं. काढणीला सारख्या लांबीच्या सरी वेगवेगळ्या तोला. मोठे, मध्यम आणि गोळी कंद वेगळे करून तोला. पाऊणपट मात्रेचा पट्टा आणि पूर्ण मात्रेचा पट्टा सारखेच भरले तर तुम्ही सपाट आलेखावर आहात. एकाच वर्षावर निकाल देऊ नका, पाऊसपाण्याने हे आकडे हलतात.

काढणीनंतर जमीन लगेच उघडी पडू देऊ नका. बटाट्याच्या उथळ मुळांनी खाली सोडलेलं नायट्रेट खोल मुळांच्या एखाद्या धान्यपिकाला सापडतं. दर दोन-तीन वर्षांनी नमुना घ्या, पण दर वेळी त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून, त्याच प्रयोगशाळेत, आणि वरंब्यातल्या खताच्या पट्ट्या नांगरून मिसळल्यानंतरच. नाहीतर एक खड्डा पट्टीवर पडतो, दुसरा पट्टीबाहेर, आणि सामू बदलला की नुसता खड्डा बदलला हे सांगता येत नाही. वहीत खताची मात्रा, पट्ट्यांचं वजन आणि सामू एकाच पानावर शेजारीशेजारी लिहा.